मंगळवार, सकाळी सव्वाअकरा

शिवाजी पेठेतल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "कॉम्प्युटरात कसलंतरी सॉफ्टवेअर बसलंय. नातवाचाच उद्योग. येऊन फॉरमॅट मारून जावा." गेलो तर 'ड्रायव्हर', म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, 'जुने झालेत' म्हणत दर पाच मिनिटांनी पैसे मागणारा प्रोग्रॅम. सातवीतला नातू दाराला टेकून उभा. त्याचा पेनड्राइव्ह गुरुजींनी कपाटात कुलूप लावून ठेवलेला.

आमच्या धंद्यात बरेच जण अशा वेळी थेट फॉरमॅट मारतात. मला ते पटत नाही. घाण जाते, पण ती आली कुठून हेही पुसलं जातं आणि महिन्याभरात परत बोलावणं येतं.

कंट्रोल पॅनेलमधल्या तारखेवर मी विसंबत नाही. अपडेट आलं की ती बदलू शकते. प्रोग्रॅमच्या फोल्डरची 'क्रिएटेड' वेळ बघितली: मंगळवार, सकाळी 11:15. डाउनलोड्समध्ये 11:12 ची सेटअप फाइल. ब्राउझर फाइल उतरवताना तिला एक छुपी चिठ्ठी चिकटवतो, झोन आयडेंटिफायर. कमांड प्रॉम्प्टवर 'डीआयआर स्लॅश आर' दिलं की ती दिसते, नोटपॅडमध्ये उघडतेसुद्धा. आत झोन 3, म्हणजे इंटरनेट, आणि खाली फाइल जिथून आली तो पत्ता. पेनड्राइव्ह बहुतेक फाइली साठवायच्या एफएटी32 नाहीतर एक्सएफएटी पद्धतीचे असतात, त्यांच्यावर ही चिठ्ठी टिकतच नाही. पोराचा पेनड्राइव्ह तिथंच सुटला. हिस्ट्रीत 11:10 ला प्रिंटरचं मॉडेल टाकून 'ड्रायव्हर' शोधलेला, लगेच खाली जाहिरातीच्या लिंकची नोंद. खऱ्या कंपनीच्या लिंकच्या डोक्यावर असल्या जाहिराती बसवणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. म्हाताऱ्या माणसानं ओळखायचं कसं?

त्या वेळी पोरगं शाळेत होतं.

"गुरुजी, मंगळवारी सव्वाअकराला कोण बसलंतं?"

ते स्क्रीनकडंच बघत राहिले. "पेन्शनचे कागद काढायचे होते. प्रिंटर चालंना झालता."

मग उठले, कपाट उघडलं, पेनड्राइव्ह पुढं केला. पोरानं हात मागंच बांधलेले. "असू दे तुमच्याकडं," एवढंच म्हणालं.

प्रोग्रॅम काढला, ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमधली त्याची नोंद उडवली, कंपनीच्या साइटवरून खरा ड्रायव्हर बसवला. कागद छापून झाले तरी पेनड्राइव्ह टेबलावरच होता. तो प्रश्न विचारण्याआधी पोराला बाहेर पाठवायला हवं होतं, असं रंकाळ्यापर्यंत वाटत होतं. घरी पोचेपर्यंत वाटायला लागलं, त्यानं ते ऐकायलाच हवं होतं. आठवडा झाला, अजून ठरत नाही.