उंबर देणे आहे

पुण्यात कुठल्याही जुन्या इमारतीसमोर उभं राहून मान वर करा. सज्जाखाली, ड्रेनेजच्या पाइपाला बिलगून, नाहीतर टाकीच्या कठड्यावर एखादं झाड उगवलेलं दिसतंच. बहुतेक वेळा पिंपळ. पण नीट पाहिलं तर त्यात उंबर सापडतो, नांद्रूक सापडतो, आणि नशीब असेल तर पायर. कोणी लावायला गेलेलं नसतं. बुलबुल, मैना, तांबट फळं खातात आणि पुढच्या मुक्कामी बिया टाकून उडून जातात. भेगेतली चिमूटभर धूळ आणि गळक्या पाइपाचं पाणी, एवढ्यावर या झाडांचं भागतं.

ही झाडं हुडकायची, जगतील अशी काढायची, वाढवायची आणि मार्गी लावायची, हा आमच्या अख्ख्या घराचा छंद. ट्रेकिंगला गुडघे लागतात, टीव्हीला रिमोटवर एकमत लागतं. इथे सासूबाईंपासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाला काम मिळतं, आणि सल्ला देण्याची मुभा तर सगळ्यांनाच असते.

वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रूक, खरवत ही सगळी बाजारातल्या अंजिराची सख्खी भावंडं. पान खुडलं की पांढरा चीक येतो. कोवळ्या फांदीवर बोट फिरवलं तर प्रत्येक पानापाशी एक बारीक गोल कडी हाताला लागते. कोंबावरचं आवरण गळून पडल्याची ती खूण. धाकटा ओळखतो ते याच खुणेवरून, डोळे मिटून. पायर लांबून पिंपळासारखी दिसते, पण पिंपळाच्या पानाला असतं तेवढं लांब टोक तिला नसतं, आणि देठ-शिरांवर लालसर झाक असते. तिला खडक प्रिय. गडांच्या तटबंदीतून बाहेर डोकावणारी पिंपळासारखी झाडं पाहिलीत ना, त्यातल्या काही पायरी असतात. खरवतीचं पान म्हणजे नुसता पॉलिशपेपर. लाकूड घासायला पूर्वी ते वापरायचेच. ताम्हिणीच्या बाजूला ओढ्याकाठी भुई उंबर भेटतो. त्याच्या बिनपानांच्या डहाळ्या फळांसकट लोंबत लोंबत कधीकधी जमिनीला टेकतात. त्याच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, त्यामुळे फळ चिरून बघितल्याशिवाय बी धरायला जाण्यात अर्थ नाही.

फळ चिरणं हा मुलांचा आवडता कार्यक्रम. पिकला उंबर मधोमध फोडला की आतून बारीक किडे बाहेर पडतात आणि पाहुण्यांची मुलं किंचाळतात. आमची दोघं व्याख्यान देतात. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची इवलीशी गांधीलमाशी कच्च्या फळाच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या मुलग्यांना पंखच नसतात. ते बाहेर पडायचं भोक पाडतात आणि जन्मभर आतच राहतात. परागकण घेऊन उडतात त्या मुली. वडाची गांधीलमाशी वेगळी. ही माशी नसेल तर बी पोचट. आपल्या पुरंदरच्या अंजिराचं तसंच आहे. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, सासवडला टोपल्या भरभरून विकलं जातं, पण ते माशीविना पिकणारं फळ, त्यामुळे त्याची बी पेरून काही उगवत नाही. त्याला छाट कलमच लागतं.

उंबराचं बी मात्र हमखास रुजतं. पिकली फळं पाण्यात कुस्करायची, गाळायची, तळाशी बसलेलं बी घ्यायचं. ते जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, म्हणून मातीखाली गाडायचं नाही, ओल्या विटेच्या चुऱ्यावर नुसतं भुरभुरायचं. उजेड लागतो त्याला. बाकी काही करायचं नाही. सासूबाईंना हे ‘काही न करणं’ जमत नाही, पण तो विषय वेगळा.

भिंतीतलं झाड काढायचं ते भर पावसात, भेग पुरती भिजलेली असताना. नवरा शिडीवर, मी शिडी धरून खाली, लेक पेचकस पुरवणार. ओढलं की मूळ तुटतं. म्हणून कडेचा सैल गिलावा उकरून ते बोटांनी हलवत हलवत सोडवावं लागतं. हातभर मूळ बाहेर येतं ते भेगेत दबून चपटं झालेलं, आणि विटेचा लाल चुरा त्याला इतका घट्ट चिकटलेला असतो की धुतला तरी निघत नाही. निम्म्याहून जास्त पानं खुडायची, म्हणजे उडून जाणारं पाणी वाचतं. मग माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशवीत लावायचं आणि पंधरवडाभर सावलीत ठेवायचं.

या कामामुळे आमची एक भलतीच ख्याती झाली आहे. परवा शेजारच्या सोसायटीतले काका घरी आले.

“अहो ताई, आमच्या गच्चीवर पिंपळ आलाय. कापायला कोणी तयार नाही. मुंजाचं झाड, उगाच कशाला, नाही का?”

“आम्ही कापत नाही काका. काढून दुसरीकडे लावतो.”

“म्हणजे दोष नाही ना लागत?”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “अहो, दोष कसला? बदली आहे ती!”

दुसरा हंगाम वटपौर्णिमेचा. बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग येतात, घराघरांत पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फांद्या सूत गुंडाळलेल्या अवस्थेत कचऱ्याच्या डब्यापाशी. आमच्या सासूबाई उपास मनोभावे करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गल्ली फिरून येतात. डहाळ्या बहुतेक वाळतात, पण अंगठ्याएवढी जाड फांदी मिळाली तर चीक सुकू देऊन लावली की धरते. ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे पाऊस दाराशी आलेला. फांदी लावायला याहून बरा मुहूर्त नाही. खेड्यात तर वडाचा खुंटच लावतात. मनगटाएवढी जाड आणि पुरुषभर उंच फांदी, वरच्या टोकाला शेण-माती लिंपलेली. एवढी उंच का, तर फुटवे शेळीच्या तोंडी लागू नयेत म्हणून. नांद्रूकही असाच लागतो. उंबराच्या फांदीचा तेवढा भरवसा नाही.

इथपर्यंत सगळं सोपं. खरी कसोटी पुढे, कारण झाड वाढवणं म्हणजे मुलगी वाढवणं आणि जागा शोधणं म्हणजे स्थळ बघणं. घरापासून अंतर हवं. डोक्यावर विजेच्या तारा नकोत, खाली पाइप नकोत. रस्ता रुंद होणार असेल तर नको. दोन उन्हाळे पाणी घालणारं कोणीतरी हवं, आणि शेळ्या असल्या तर कुंपण हवं. समोरच्यांच्याही अपेक्षा असतात. “उंबर? सडा पडतो हो, माश्या होतात, गाड्यांची वाट लागते.” “वड? पाया उचलेल.” यातलं काहीच खोटं नाही. संगमनेर तालुक्यातला पेमगिरीचा वड बघून आल्यापासून तर मी नकार देणाऱ्यांवर रागावणं सोडलंय. त्या पसाऱ्यात आमची सोसायटी पार्किंगसकट मावली असती.

उंबराचं लवकर जमतं. दत्तभक्त मागून नेतात, पार बांधतात, झाडाला पाणी आपोआप मिळतं. शेतकरीही नाही म्हणत नाहीत, कारण उंबर तिथे पाणी ही समजूत खोल आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल सांगणाऱ्या झाडांमध्ये उंबर आहेच. पाणी आहे म्हणून उंबर, की उंबर आहे म्हणून पाणी, यावर आमच्या दिरांच्या शेतात विहिरीच्या काठावर बसून बरीच चर्चा झाली आहे. निर्णय झाला नाही, उंबर मात्र लावून झाला.

नांद्रूक आणि पायर यांना कोणी विचारत नाही. ना देव, ना व्रत. वास्तविक या झाडांना ऐन उन्हाळ्यातही फळं येऊ शकतात, बाकी रान उपाशी असतं तेव्हा हरियाल, धनेश आणि वटवाघळांची सोय होते. पण “आमच्याकडे हरियाल येतील” हे ऐकून कोणी खड्डा खणायला घेत नाही.

तर सध्या आमच्या बाल्कनीत दोन पायरी, एक धष्टपुष्ट नांद्रूक आणि उंबराची सहा रोपं आहेत. पायर खडकाळ माळावरही नांदेल, पाण्याची फार मागणी नाही. नांद्रूक सावलीला उत्तम, स्वभावाने थोडा आडवा वाढणारा. गायरान, शाळेचं मैदान, गावची स्मशानभूमी, काहीही चालेल. जात-गोत्र बघत नाही, फक्त ग्रामपंचायतीला आधी विचारून ठेवा. पोच आम्ही स्वखर्चाने करू, खड्डा तुमच्याकडे. खरवत मात्र मागू नये. तिचं एक पान सासूबाईंनी पोळपाट घासायला वापरून पाहिलंय आणि ती आता घरजावई करूनच घ्यायची म्हणतात.