झुकिनी, निखारे आणि एक फॉर्म

न्यू जर्सीत जुलै उजाडला की झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली फळभाजी) आणि तिचा भाऊबंद पिवळा स्क्वॉश विकत घ्यायची गरजच उरत नाही. ज्याच्या परसात दोन रोपं आहेत तो वाटून वाटून दमतो. 8 ऑगस्ट हा तर शेजाऱ्याच्या दाराशी गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा दिवस म्हणून गमतीने पाळतात. मैत्रिणीने पिशवी भरून दिली. भाजी झाली, थालीपिठात किसून झाली, मग म्हटलं आता निखाऱ्यावर भाजू.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. लाकडी बांधकाम, त्यामुळे बाल्कनीत ग्रिल पेटवायला बंदी. ते पटतं. पण खाली आवारात, भिंतीपासून चांगलं लांब, सिमेंटमध्ये रोवलेलं लोखंडी ग्रिल आहे, भाड्यासोबतच्या सुविधांच्या यादीत ते ऐटीत छापलेलंही आहे, आणि ते वापरायला अपार्टमेंटच्या ऑफिसचा फॉर्म लागतो! 72 तास आधी द्यायचा. पाहुणे किती, भाडेकरूचा विमा कोणाचा, इंधन कोणतं. ग्रिल त्यांचं, जाळी त्यांची, त्यात कोळशाशिवाय दुसरं काही पेटूच शकत नाही, तरी इंधन कोणतं ते मी सांगायचं. भरून पाठवला तर उत्तर आलं, सही शाईची हवी. छापून, सही करून, स्कॅन करून पाठवला. मग ‘पाहुणे’ रकान्यात शून्य का, अशी विचारणा. अहो, चार झुकिन्या भाजायच्यात, लग्न नाही काढलंय! शेवटी मंजुरी देणाऱ्या बाई सुट्टीवर, आणि त्यांच्या जागी कोणी नाही. तोवर पिशवीतल्या दोन मऊ पडल्या.

त्यावरून आठवलं, झुकिनी घेताना वीतभर लांबीचीच घ्यावी. हातभर लांब वाढलेली दिसायला भारी, पण आत बिया आणि नुसतं पाणी. तशीही तिच्यात 95 टक्के पाणीच असतं, म्हणून मीठ आधी लावून ठेवू नये, जाळीवर टाकायच्या क्षणीच लावावं. काप उभे, साधारण एक सेंटिमीटर जाड. पातळ केले तर जाळीतून खाली जातात. पुसून कोरडे करून तेलाचा हात फिरवायचा.

मंजुरी आली त्या संध्याकाळी कोळसा पेटवला. लायटर फ्लुइड नको, वास भाजीत उतरतो. धुराड्यासारखा चिमणी स्टार्टर मिळतो, खाली कागद, वर कोळसा. वीसेक मिनिटांत वर राखाडी साय धरली की ओतायचा. एका बाजूला तीन-चार मिनिटं. काप सारखे उलटायचे नाहीत, डाग पडू द्यायचे.

ड्रेसिंग मी तिथेच केलं, फोडणीची लोखंडी पळी ग्रिलच्या कोपऱ्यावर ठेवून. घरून करून आणलं तर जिन्यातच गार होतं. ऑलिव्ह तेलाचा हट्ट नको, शेंगदाण्याचं चालतं. चार चमचे तेलात मोहरी तडतडली की लसणाचे पातळ काप आणि सुकी लाल मिरची. लसूण सोनेरी होतोय असं वाटलं की लगेच पळी उतरवायची, कारण उतरवल्यावरही तो शिजत राहतो आणि करपला की सगळं कडू. उतरवून मगच लिंबाचा रस, कणभर गूळ, मीठ. पुदिना हाताने तोडून. काप गरम असतानाच हे त्यांच्यावर ओतायचं. गार कापांवर ओतलं की तेल वरच तरंगतं.

ग्रिल नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवून घ्या. धुराची चव येत नाही, पण फॉर्मही भरावा लागत नाही. उरलेले काप चिरून दह्यात कालवले की दुसऱ्या दिवशी भरीत होतं.

आणि फॉर्म भरायची वेळ आलीच, तर इंधनाच्या रकान्यात ‘चारकोल’ एवढंच लिहा, पाहुणे दोन दाखवा. समजावून सांगायला जाऊ नका, त्याने फक्त ईमेल वाढतात.