मॉड्यूल 2 चा पॉवर अलार्म आणि पावसातली लाइन: पंचवटीतल्या घरच्या एक्स्चेंजची नोंद

गेल्या नोंदीत एस्टरिस्क, म्हणजे कॉम्प्युटरचं टेलिफोन एक्स्चेंज करणारं सॉफ्टवेअर, चालू झाल्याची बातमी दिली होती. मग पाऊस लागला आणि घरातल्या फोनांनी एकेक करून असहकार पुकारला. ही नोंद त्या दुरुस्तीची. ज्यांच्याकडे जुनी ॲनालॉग कार्डं अजून धडपडत चालू आहेत त्यांच्या कामाची. सगळं सिपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या फोनवर, नेलेल्यांनी करमणूक म्हणून वाचावी.

नव्यांसाठी मांडणी थोडक्यात. जुनं घर, तीन मजले, जाड दगडी भिंती, मधल्या खोल्यांत मोबाइलला रेंज नाही. जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप आणि त्यात फोनच्या तारा जोडायचं टीडीएम 400 जातीचं पीसीआय कार्ड. कार्डावर तीन हिरवी मॉड्यूल, म्हणजे एफएक्सएस; घरातल्या फोनांना वीज आणि घंटा यांच्याकडून मिळते. चौथं लाल, एफएक्सओ. ते बाहेरच्या लँडलाइनला जोडलंय. तळमजल्यावर आईबाबा, मधे काका-काकू, वर आम्ही. काकांकडे बंगळूरच्या आयटीआयचा काळा फोन आहे, आत खरी पितळी घंटा असलेला. तो बदलू या, असं मी एकदा सुचवलं होतं. पुन्हा सुचवणार नाही.

बिघाडाची सुरुवात त्याच फोनापासून झाली. घंटा दोन-तीनदा वाजायची, मग घसा बसल्यासारखी टर्र व्हायची आणि लाइन मेलेली. डायलटोनही नाही. थोड्या वेळानं आपोआप जिवंत. काकू जिन्यातून हाक मारायच्या, "अरे, तुझं एक्स्चेंज झोपलं बघ परत!" लॉगमध्ये दर वेळी एकच ओळ: पॉवर अलार्म ऑन मॉड्यूल 2, रिसेटिंग.

ही ओळ वाचली की माणूस सरळ मॉड्यूलवर संशय घेतो आणि जुन्या बाजारात दुसरं शोधायला लागतो. थांबा. आधी जागा बदलून बघा. मी दोन नंबरचं हिरवं मॉड्यूल तीनवर लावलं, तीनचं दोनवर. अलार्म ना मॉड्यूलबरोबर गेला, ना जागेला चिकटून राहिला. काकांचा फोन ज्या पोर्टला लावू त्या पोर्टला तो यायचा. मग त्याच वायरीला एक हलका पुश बटनांचा फोन लावला आणि मुद्दाम बराच वेळ घंटा वाजवत ठेवली. अलार्म नाही. म्हणजे मॉड्यूल ठीक, वायर ठीक. भानगड घंटेच्या ओढीत होती.

इथे कार्डाची रचना आठवावी लागते. फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण 48 व्होल्ट डीसी असतात. घंटा वाजवायला त्याहून बरंच जास्त एसी लागतं. हे सगळं हिरवं मॉड्यूल तयार करतं ते कार्डाच्या मोलेक्स कनेक्टरमधून, म्हणजे चार पिनांच्या पॉवर प्लगमधून, येणाऱ्या 12 व्होल्टवर. इलेक्ट्रॉनिक फोनची पिपाणी जेमतेम काही ओढते, कॉइलवाली घंटा मात्र चांगलीच ओढते. त्यात माझ्याकडे बूस्टरिंगर चालू होतं, म्हणजे घंटेचा ताण 89 व्होल्ट पीकपर्यंत नेणारं सेटिंग. जुन्या फोनची घंटा बारीक वाजते म्हटलं की सगळे हाच उपाय सांगतात.

मल्टिमीटर काढला. काळी प्रोब काळ्या वायरीवर, लाल प्रोब पिवळ्या वायरीवर, तीही प्लगच्या मागच्या बाजूनं आत सरकवून. कार्डाच्या टोकाला सगळं शांत असताना 11.7. काकूंना सांगितलं, वरून फोन लावतोय, उचलू नका. घंटा सुरू झाली आणि आकडा घसरला: 11.2, 10.9, आणि टर्र. आता तेच माप एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, टोकाला. तिथे घंटा वाजत असतानाही 11.8 वरून हलायला तयार नाही. पॉवर सप्लायच्या एटीएक्स नियमात 12 व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे 11.4 पर्यंत. एसएमपीएस निर्दोष सुटला. जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गायब होत होता.

वाटेत काय होतं? एकाचे दोन करणारा मोलेक्स स्प्लिटर. तो उपटला तर पिवळ्या वायरीची पिन तिरकी, ढिली आणि आतून काळी पडलेली. प्लॅस्टिकचं तोंडही तेवढ्या जागी तपकिरी झालेलं. शांत असताना करंट कमी, म्हणून माप बरं दिसायचं. घंटेनं ओढलं की त्या खराब सांध्यावरच व्होल्टेज पडायचं. एम. जी. रोडवर नवीन स्प्लिटर मागितला तर दुकानदार म्हणाला, "दादा, हे आता कोण वापरतं? साटाचा देऊ?" शेवटी स्प्लिटर काढूनच टाकला, हार्डडिस्क साटाच्या नव्या प्लगवर नेली आणि एसएमपीएसची वायर सरळ कार्डाला दिली. बूस्टरिंगर बंद करून त्याऐवजी फास्टरिंगर लावलं, म्हणजे घंटेची वारंवारता 20 ऐवजी 25 हर्ट्झ. काकांची घंटा त्यावर जास्त मोकळी वाजते, ताण न वाढवता. ज्यांच्याकडे जुने आयटीआयचे डबे आहेत त्यांनी आधी हे करून बघावं. फक्त घंटा वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नका, चांगला झटका बसतो.

दुसरं दुखणं लाल मॉड्यूलचं, आणि ते फक्त पावसात. आमच्या आळीत गमतीनं म्हणतात की गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं की लँडलाइन गुणगुणायला लागते. गुणगुण खरीच होती, 50 हर्ट्झची. पण त्याहून त्रासाचं म्हणजे बाहेरच्या माणसानं फोन ठेवला तरी सर्व्हर लाइन सोडायचा नाही. तासभर लाइन एंगेज, आणि ज्याला आमच्याशी बोलायचं तो वैतागलेला.

लाइनमनकाका आले ते "आधी तुमचं ते कॉम्प्युटरचं काढा" म्हणतच. काढलं. रोझेटपाशी, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीपाशी, घराकडची जोडी सोडवली आणि फक्त बाहेरून येणाऱ्या दोन तारांवर मीटर धरला. कोरड्या दिवशी तिथे 49 दिसतात. त्या दिवशी 41, आणि आकडा स्थिर नाही. ते बघितल्यावर लाइनमनकाका काही न बोलता शिडी घेऊन बाहेर गेले. गॅलरीखाली भिंतीवर ड्रॉप वायरचा, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या तारेचा, एक जुना सांधा होता, नुसती टेप गुंडाळलेला. टेप सोडली तर आत पाणी आणि तांब्यावर हिरवा थर. जोडीतली एकच तार जमिनीकडे गळायला लागली की दोन तारांचा तोल जातो आणि आजूबाजूच्या विजेच्या वायरींची गुणगुण आत शिरते. जेली भरलेला कनेक्टर लावल्यावर ती थांबली. सिंहस्थासाठी गल्ली खणली की पुढचा सांधा कुठे होईल ते बघू.

लाइन न सुटण्याचं अर्धं कारण ती गुणगुण, अर्धं सेटिंग. आमच्या ॲनालॉग लाइनवर पलीकडच्यानं फोन ठेवल्याचं एफएक्सओला वेगळं कोणी सांगत नाही. एंगेज टोन ऐकून ओळखावं लागतं. आपला टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला अर्धा-अर्धा सेकंदाचा, आणि इकडून तिकडून उचललेल्या बहुतेक कॉन्फिग फाइलींत तोच असतो. बिझीपॅटर्न या सेटिंगमध्ये 750,750 (मिलिसेकंद) टाकलं. कोरड्या लाइनवर टोनमधल्या शांत जागा खरोखर शांत असतात, त्यामुळे आता लाइन वेळेवर सुटते.

प्रतिध्वनीबद्दल एवढंच: ऑपरमोड, म्हणजे कार्डाचं देशाचं सेटिंग, इंडिया ठेवा आणि लाइन मोजून प्रतिध्वनी कमी करणारा एफएक्सओट्यून प्रोग्राम लाइन दुरुस्त झाल्यावरच चालवा. ओल्या लाइनवर जुळवलेले आकडे कोरड्या लाइनला लागू पडत नाहीत. कार्डाचं घड्याळ किती अचूक चालतं ते टक्क्यांत सांगणारी डाहडी टेस्ट 99.98 च्या खाली जात होती, ती बायोसमध्ये ऑनबोर्ड साउंड बंद केल्यावर वर आली. कार्ड आणि साउंड एकाच इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच तारेवर, होते.

राहिलंय ते कॉलर आयडी. आमच्या लाइनवर नंबर पहिल्या घंटेआधी डीटीएमएफमध्ये, म्हणजे बटनांच्या फोनच्या टोनांत, येतो, म्हणून सिडसिग्नलिंग डीटीएमएफ आणि सिडस्टार्ट पोलॅरिटी आयएन करून ठेवलंय. कधी पूर्ण नंबर दिसतो, कधी पहिला आकडा गळतो. घंटेआधीचा आवाज रेकॉर्ड करून बघायचाय. कोणाकडे हिरव्या मॉड्यूलसकट असं दुसरं कार्ड पडून असेल तर कळवा, आईला देवघराजवळ अजून एक फोन हवाय.