मुलाला कोणतं वाद्य लावू? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मिरजेत मुलांना तबला शिकवते. शाळा सुरू झाल्या की आईवडिलांचे फोन येऊ लागतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला कोणतं वाद्य लावू?" त्याच्या पोटात आणखी प्रश्न असतात. सोपं कोणतं? परीक्षा कशाच्या असतात? गणित सुधारतं का? मी सगळं ऐकून घेते आणि उलट विचारते, हे वाद्य तो कुणाबरोबर वाजवणार आहे?

बरेचजण यावर गप्प होतात. वाद्य म्हणजे मुलगा, त्याचे सर आणि बंद खोलीतला रियाज, एवढंच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पण मुलं वाद्य सोडतात ती बहुतेक वेळा अवघड जातं म्हणून नव्हे. आपल्या वाजवण्याची कुणाला गरज नाही, हे त्यांना कळतं म्हणून सोडतात.

आमच्या भागातल्या गावांत एकादशीच्या भजनाला जाऊन बघा. पाच-सहा वर्षांचं पोर आजोबांच्या मांडीला टेकून टाळ घेऊन बसलेलं असतं. त्याला कुणी क्लास लावलेला नसतो. सुरुवातीला टाळ कुठेही पडतो, कुणी रागावत नाही, पुढचा अभंग सुरू होतो. काही वर्षांत भजनी ठेका अंगात मुरतो आणि एक दिवस पखवाजवाले आजारी पडले की तेच पोर पुढे सरकून बसतं. डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, ती वाळत आली की पाण्याचा हात कधी फिरवायचा, हे त्याने बघून बघूनच उचललेलं असतं. पुढे ज्यांना रीतसर शिकायचंय ते आळंदीला जातात. तिथली वारकरी शिक्षण संस्था 1917 पासून चालू आहे. पण गोडी लागते ती त्या गावच्या देवळात, कारण तिथे पोराच्या वाजवण्यावाचून कुणाचं तरी अडतं.

शहरातल्या घरात देऊळ नाही, मंडळ नाही, हे मला माहीत आहे. मग सोबत शोधावी लागते. आजी रोज संध्याकाळी काही म्हणते का? बाबांचा एखादा मित्र पेटी वाजवतो का? शाळेत समूहगीताला साथ लागते का? सोसायटीच्या गणपतीत आरतीला कोण बसतं? यातलं जे जवळ असेल त्याला जुळेल ते वाद्य निवडा. घरात गाणारं माणूस असेल तर पेटी किंवा तबला, भजन असेल तर पखवाज, मोठा भाऊ गिटार घेऊन बसत असेल तर खुशाल गिटार. मी तबल्याची शिक्षिका असले तरी तबल्याचा आग्रह धरत नाही.

पेटीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण अर्ध्या लोकांच्या मनात तीच असते आणि उरलेल्या अर्ध्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की पेटीने कान बिघडतो. यात तथ्य आहे. पेटीवर स्वर तयार मिळतो, तो शोधावा लागत नाही, आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षं टिकली. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे आणि पुढे तुळशीदास बोरकर यांनी जे वाजवलं ते ऐकल्यावर मला त्या आक्षेपाचं फार वाटत नाही. लहान मुलासाठी तर पेटीचा मोठा गुण हा की तिच्याभोवती घर जमतं. मूल वाजवता वाजवता गात असेल तर कान बिघडत नाही. गळा मिटून नुसती बोटं चालवत असेल, तर मात्र मला काळजी वाटते.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यायचा विचार असेल तर एकच विनंती, हेडफोन घेऊ नका. शेजाऱ्यांना त्रास नको, टीव्ही चालू राहू दे, म्हणून ते घेतले जातात. पण हेडफोन लावलेल्या मुलाचं वाजवणं घरात कुणीच ऐकत नाही. चुकलं तरी कळत नाही, जमलं तरी कळत नाही. आवाज कमी ठेवा, पण ऐकू येऊ द्या.

मी मिरजेची म्हटल्यावर लोकांना वाटतं मी सतारीचं नाव घेईन. अभिमान आहेच. इथल्या शिकलगारांनी हत्यारांची कामं सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं. वाद्यांना लागणारे पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आजही इथे येतात आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही सात-आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाची सतार देऊ नका. भोपळ्यावरून उजवा हात नीट पोचत नाही, डावा दांडीच्या टोकापर्यंत जात नाही आणि तारेने बोटं कापतात ते वेगळंच. अकरा-बारा वर्षांपर्यंत थांबा, नाहीतर कारागिराकडून लहान मापाची करून घ्या. व्हायोलिनला ही अडचण नाही. पाव, अर्धं, पाऊण अशी मापं मिळतात, मूल वाढेल तसं बदलायचं. पण पहिलं वर्ष घराने ती किरकिर प्रेमाने सोसायला हवी. बासरी शिकणाऱ्याला सुरुवातीला नुसती फुंक ऐकू येते आणि चक्कर येते. मोठ्या बासरीची भोकं लहान बोटांनी झाकत नाहीत, म्हणून आखूड बासरीने सुरुवात करा.

आता तबला. सहा-सात वर्षांच्या मुलाची अनामिका त्याचं ऐकत नाही. 'ना' वाजवताना ती शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकेच टेकलेली राहावी लागते आणि तर्जनी बाहेरच्या किनारीवर पडते. हे दोन बोटांचं वेगळं वागणं त्या वयात फार कष्टाने येतं, मग मूल हात आवळतं आणि आवळलेला हात पुढे सोडवणं कठीण. म्हणून मी लहानांना तबल्यावर बसवायची घाई करत नाही. आधी पढंत. 'धा धिं धिं धा' तोंडाने म्हणायचं, हाताने टाळी आणि काल (टाळीऐवजी रिकामा हात) दाखवायचा. तीनतालाच्या सोळा मात्रांत तीन टाळ्या आणि नवव्या मात्रेवर काल. याला एक पैसा लागत नाही, चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू करता येतं आणि सगळं घर सामील होऊ शकतं. आईने पोळ्या लाटताना बोल म्हणायचे, मुलाने समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी द्यायची. ज्या मुलांना असं घर मिळालं, ती पुढे सतार घेवोत की गिटार, लयीला पक्की निघतात.

प्रत्यक्ष तबला घ्यायची वेळ आली की लहान तोंडाचा, म्हणजे पांढरी एक किंवा काळी एक या स्वराचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) बघा. खालच्या स्वरांचे दायें मोठ्या तोंडाचे असतात, छोट्या पंजाला ते पेलत नाहीत. आणि पहिले काही महिने घेऊच नका. गुरुजींकडचा जुना जोड मागा, बहुतेक जण देतात.

परीक्षांचं विचारता, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ही पहिली पायरी, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद. शास्त्रीय कलांच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही खरं. परीक्षा जरूर द्यावी. पण ज्या वाद्याची परीक्षा आहे म्हणून ते निवडलं, ते दहावी झाली की माळ्यावर जातं, हे मी पुष्कळ पाहिलंय.

निवडण्याआधी मुलाला समोर बसून वाजवलेलं ऐकवा, मोबाइलवर नव्हे. आमच्याकडे मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, चिंचेच्या झाडाखाली. मुलांना घेऊन येणाऱ्यांना मी सांगते, गायकाकडे बघायचा आग्रह धरू नका, पोराची नजर कुठे जाते तेवढं बघा. काही मुलं तबलजीच्या हातावरून डोळे हलवत नाहीत, काही तंबोऱ्याला टेकलेल्या बाईकडे बघत राहतात.

आणि एक प्रश्न अजूनही येतो, दबक्या आवाजात: "मुलगी आहे, तबला चालेल ना?" मुंबईच्या आबान मिस्त्री या बाईंनी एकल तबल्याच्या मैफली केल्या, पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यानंतर किती मुली या वाटेने आल्या. हा प्रश्न आता मुलीसमोर विचारूसुद्धा नका, ती ऐकत असते. तिला घेऊन या, आणि घरात तिच्याबरोबर जे कुणी गाणार असेल त्यालाही आणा.