घोडं कुठं पेंड खातं?

"अरे, पण ती त्याला फोन का नाही करत?" बायकोनं विचारलं आणि माझी कादंबरी तिथल्या तिथे गतप्राण झाली.

मी मोठ्या उत्साहानं तिला नुकत्याच वाचलेल्या एका प्रेमकथेची गोष्ट सांगत होतो. नायिका विमानतळावर एका तरण्याबांड माणसाला कडकडून मिठी मारते. नायक ते काचेपलीकडून बघतो, हातातली फुलं कचऱ्याच्या डब्यात कोंबतो, तिचा नंबर ब्लॉक करतो आणि दुसऱ्या शहरात मुक्काम हलवतो. पुढची एकशे वीस पानं दोघं आपापल्या शहरात झुरत बसतात. मिठीतला माणूस अर्थातच तिचा भाऊ. मला हे पान उलटायच्या आत कळलं होतं, बायकोला तर मी वाक्य संपवायच्या आत. नायकाला मात्र कळायला एकशे वीस पानं लागली. एवढ्या मठ्ठ माणसाला एका बहुराष्ट्रीय कंपनीचा मालक कुणी केला, हा प्रश्न आम्ही दोघांनी सोडून दिला.

बायको प्रेमकथा वाचत नाही, खुनाच्या कादंबऱ्या वाचते. तिचं म्हणणं, शेवट ठाऊक असलेलं पुस्तक वाचायचंच कशाला? मी म्हणतो, तुझ्या पुस्तकात तरी खुनी कधी निसटतो का? पण तिच्या त्या एका प्रश्नानं माझं वाचन कायमचं बिघडवलं, किंवा सुधारलं. आता कुठलीही प्रेमकथा हातात घेतली की मी तिला दोन मिनिटांच्या कसोटीवर घासतो. या दोघांना एका खोलीत बसवलं, दोन मिनिटं सरळ बोलायला लावलं, तर कादंबरी संपेल का? संपत असेल, तर ती कादंबरी नव्हे, लांबवलेला गैरसमज आहे.

शेवट ठाऊक असतो, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं तर व्याख्येतच दोन अटी घातल्यात: प्रेमाची गोष्ट मध्यभागी हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे ही माणसं एकत्र येणार, याची हमी पुस्तक उघडण्याआधीच मिळालेली. मग वाचणारा वाचतो काय? तर मधलं. घोडं नेमकं कुठं पेंड खातं, ते. प्रेमात पडणं काय, कुणीही पडतं आणि कुठलाही लेखक पाडतो. लेखकाचा कस लागतो तो खोडा घालताना. माझ्यापुरती प्रेमकथा म्हणजे अडथळ्याची गोष्ट.

जुन्या लेखकांना अडथळे आयते मिळत, अशी तक्रार नवे लेखक करू शकतील आणि ती अगदीच खोटी नाही. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ सालची. लग्न लागता लागता चर्चमध्ये जेनला कळतं की नवऱ्या मुलाची, रोचेस्टरची, पहिली बायको जिवंत आहे, वेड लागलं म्हणून माडीवर कोंडलेली आहे. आजचा वाचक म्हणेल, घटस्फोट घे की बाबा. पण १८५७ च्या आधी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा तर संसदेतून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. कायदा बदलल्यावरही वेड हे घटस्फोटाचं कारण धरलं जायला १९३७ साल उजाडलं. तेव्हा रोचेस्टरचं दार कायद्यानंच बंद होतं. आणि गंमत बघा, इथे दोघं दोन मिनिटं नव्हे, चांगलं तासभर बोलतात. तो सगळं सांगतो, तिला सगळं पटतं, तिचं प्रेम तसूभरही कमी होत नाही. आणि म्हणूनच ती पहाटे घर सोडून जाते. बोलण्यानं अडथळा हटला नाही, उलट आणखी घट्ट झाला. याला म्हणतात बांधणी.

(त्याच वर्षी दुसऱ्या ब्राँटे बहिणीची 'वदरिंग हाइट्स' आली. तिला प्रेमकथांच्या फळीवर ठेवणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. तिच्यातल्या हीथक्लिफला आदर्श प्रियकर मानणाऱ्यांनी पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग वाचलेला नसतो, असा मला दाट संशय आहे. कादंबरी थोरच आहे. पण ती सूडाची आहे.)

जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मात्र मी दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी त्या पत्राशी थांबतो. डार्सीनं लग्नाची मागणी घातलेली असते, तीही अशा थाटात की जणू उपकारच करतोय. एलिझाबेथनं ती धुडकावून, वर त्याच्या वागण्याचे वाभाडे काढलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरण्याच्या वाटेवर तिला गाठतो, हातात पत्र देतो आणि निघून जातो. सकाळी आठ वाजता लिहिलेलं पत्र. दोन कागद, बारीक अक्षरात दोन्हीकडून गच्च भरलेले, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पाकिटाच्या कागदावरही मजकूर. ती वाचते, चिडते, यातलं अक्षर खरं नाही म्हणते, पुन्हा तोंड बघायचं नाही असं ठरवून पत्र घडी घालून ठेवते. आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. मग दोन तास त्या वाटेवर येरझाऱ्या.

ते अर्धं मिनिट! मी अख्ख्या प्रकारातली सगळ्यात उत्तम जागा निवडायची झाली तर ती निवडेन. तिथे चुंबन नाही, पाऊस नाही, वाद्यमेळ नाही. एक शहाणी मुलगी आपण मूर्खासारखं वागलो, हे उभ्या उभ्या ओळखते, एवढंच.

आणि आता कसोटी लावा. हे पत्र येतं पस्तिसाव्या प्रकरणात. कादंबरीची प्रकरणं आहेत एकसष्ट. म्हणजे गैरसमज जवळपास अर्ध्या वाटेतच निकालात निघाला! माझ्या विमानतळवाल्या लेखिकेनं हेच पत्र शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोस्टात अडकवून ठेवलं असतं. जेन ऑस्टेनला ठाऊक होतं की गैरसमज हा अडथळा नव्हेच, तो नुसता पडदा. तो दूर झाला की मागे खरी अडचण दिसते: मी या माणसाला ओळखलं नाही, त्याला नको ते बोलले, आणि आता तो मला आवडू लागलाय तर मी कुठल्या तोंडानं सांगू? उरलेली सव्वीस प्रकरणं या एका प्रश्नावर चालतात.

हे शहाणपण ऑस्टेनलाही पहिल्या झटक्यात सुचत नसे, याचा मला फार आधार वाटतो. 'पर्सुएशन'मध्ये अॅननं मोठ्यांच्या सल्ल्यानं आठ वर्षांपूर्वी वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. आता तो पैसा आणि हुद्दा कमावून परत आलाय. दोघं एकाच खोलीत वावरतात आणि बोलतात ते हवापाण्याबद्दल. ऑस्टेननं १८ जुलै १८१६ ला कादंबरी संपवली. त्या शेवटात अॅनच्या वडिलांच्या घरात भाड्यानं राहणारा एक अॅडमिरल वेंटवर्थला निरोप्या म्हणून अॅनकडे पाठवतो: तुमचं दुसऱ्या कुणाशी लग्न ठरतंय म्हणे, तर तुम्हाला घर रिकामं करून हवंय का? ती म्हणते, छे, तसं काही नाही. झालं. दोघांची नजरानजर, आनंदीआनंद. म्हणजे हुबेहूब माझ्या बायकोचा उपाय. दोन मिनिटं बोलले आणि मिटलं!

पण ते ऑस्टेनच्या मनास येईना. तब्येत खालावलेली होती, तरी तीन आठवड्यांत तिनं शेवट मोडून नव्यानं लिहिला. टाकून दिलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहे. नव्या शेवटात वेंटवर्थ टेबलाशी बसून भलतंच पत्र लिहितोय आणि खिडकीशी अॅन एका तिसऱ्याच माणसाशी वाद घालतेय: आशा संपल्यावरही जास्त काळ प्रेम कोण करतं, बाई की पुरुष? ती बोलतेय दुसऱ्याशी, ऐकतोय हा. मध्येच त्याच्या हातून लेखणी खाली पडते. थोड्या वेळानं तो त्या तिसऱ्या माणसाबरोबर निघून जातो, हातमोजे विसरले म्हणून एकटा परत येतो, आणि टेबलावरचं पत्र तिच्यापुढे सरकवून बाहेर पडतो. आठ वर्षांत जे समोरासमोर बोलता आलं नाही, ते हातमोज्यांच्या आडून बोललं गेलं. पहिला शेवट सोयीचा होता, हा शेवट त्यांनी कमावलेला आहे. ते हातमोजे नसते तर मी प्रेमकथा वाचणं कधीच सोडलं असतं.

विसाव्या शतकाबद्दल फार लिहीत नाही. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथून जॅक लंडनच्या साहसकथाही येत. प्रेमकथांचा कारखाना तो पुढे झाला. या छोट्या पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. दोन तासांत वाचून होतात, सांगितलेलं देतात, आणि त्यातला डॉक्टर नेहमी उंचच असतो, याचंही मला काही वाटत नाही. वाटतं ते १९७२ नंतर अमेरिकेत आलेल्या जाडजूड ऐतिहासिक प्रकाराबद्दल. त्या लाटेची सुरुवात मानतात ती 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'. तिच्यात नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढची शेकडो पानं तिनं त्याच्यावर प्रेम करायला शिकायचं. अनेकींनी ती डोक्यावर घेतली. त्यांना शहाणपण शिकवणारा मी कोण? पण माझ्या हिशेबी तो अडथळा नव्हे, गुन्हा आहे. त्यावर आशेचा शेवट चढवला की मला पुस्तक मिटावंसं वाटतं.

नव्या कादंबऱ्यांनी हे दुरुस्त केलं, त्याबद्दल त्यांना शंभर गुन्हे माफ. आता नायक विचारतो. नायिकेला नोकरी असते, मैत्रिणी असतात, कधी पहिलं लग्न मोडलेलं असतं, आणि तिला वाचवायला कुणी घोड्यावरून यावं लागत नाही. पण पंचाईत अशी, की घोड्यावरून येणाऱ्याबरोबर घोड्याची पेंडही गेली. वारसाहक्काची भानगड नाही, घटस्फोटाला संसद नाही, पत्र हरवत नाही, माणूस तर मुळीच हरवत नाही. तो शेवटचा किती वाजता ऑनलाइन होता हेसुद्धा दिसतं. लेखकानं खोडा आणायचा कुठून?

काही जण उठतात आणि सरळ भूतकाळात जातात. इंग्लंडचा रीजन्सी काळ १८११ ते १८२०, म्हणजे धड दहा वर्षांचाही नाही. जॉर्जेट हेयरनं १९३५ साली 'रीजन्सी बक' लिहिली, तेव्हापासून या चिमुकल्या काळात इतक्या नायिका इतक्या ड्यूकांच्या प्रेमात पडल्यात की विचारू नका. खरे ड्यूक तेव्हा दोन-तीन डझनांत मावले असते. कादंबऱ्यांतले मोजले तर त्यांची एक पलटण उभी राहील, आणि सगळे तरुण, सगळे बिनलग्नाचे, सगळ्यांचे दात शाबूत. लोक याला पोशाखांची हौस म्हणतात. मला वाटतं, लेखक तिथे अडथळे आणायला जातात. मुलीनं मुलाशी दार लावून पाच मिनिटं बोललं तरी बभ्रा होतो, असा काळ म्हणजे कादंबरीकाराला पर्वणीच.

जे आजच्या काळातच राहतात, त्यांनी युक्त्या काढल्यात. युक्तीचं नाव आता पुस्तकाच्या मलपृष्ठावरच छापतात: शत्रूच झाला प्रियकर, खोटं लग्न, एकच खोली आणि एकच पलंग. (त्या हॉटेलात कायम एकच खोली शिल्लक कशी, हा प्रश्न विचारायचा नसतो.) हे मला चालतं. खेळाचे नियम आधी सांगितलेले बरे. ज्यांना यातलं काही जमत नाही, ते विमानतळावर भाऊ उभा करतात.

आणि अलीकडे उलटाच रोग दिसू लागलाय. माझ्या बायकोचं म्हणणं कुणीतरी फारच मनावर घेतलंय. काही नव्या पुस्तकांत माणसं इतकी समंजस बोलतात की मी समुपदेशकाच्या खोलीबाहेर ताटकळत बसलोय असं वाटतं. तो म्हणतो, तुझ्या वागण्यानं माझ्या जुन्या जखमा जाग्या झाल्या, पण ती तुझी जबाबदारी नाही. ती म्हणते, हे मोकळेपणानं सांगितलंस त्याबद्दल आभार. पान पन्नास. आता उरलेली अडीचशे पानं या दोघांनी करायचं काय? दोन मिनिटांची कसोटी पास, कादंबरी नापास.

खरी चांगली नवी प्रेमकथा यांच्या मधून वाट काढते. दोघं सगळं बोललेले असतात, दोघांना सगळं ठाऊक असतं, तरी पाऊल उचलत नाही. कारण एकाचं माणूस वर्षापूर्वी गेलंय आणि पुन्हा हसू आलं तर त्याला चोरी केल्यासारखं वाटतं. फोन करून काय होणार? फोन तर रोजच होतो.

सध्या हातात अशीच एक आहे. नाव सांगत नाही, अजून भरवसा नाही. पण काल रात्री त्यात एक जागा आली. तिनं रागानं काहीतरी लिहून पाठवलंय, फोन उशीखाली सारलाय, आता बघायचाच नाही असं ठरवलंय, आणि लगेच पुन्हा काढलाय. पडद्यावर तो टाइप करत असल्याची खूण उमटते. विझते. पुन्हा उमटते. पुन्हा विझते. मी उठून बसलो. दोनशे वर्षांनी ते अर्धं मिनिट परत आलं होतं, नुसता कागद तेवढा बदलला होता.

बायकोला हलवून सांगणार होतो, पण तिचा खुनी सापडायला दोनच प्रकरणं उरली होती. शिवाय चाळिसाव्या पानावर ओझरता उल्लेख आलाय की नायिकेला परदेशी एक मोठा भाऊ आहे. तेव्हा मी अजून कुणाला काही बोललेलो नाही.