सहा आठवड्यांची नळी

मंगळवारी इंग्लंडमधल्या माझ्या हॉस्पिटलात शेवटची केस संपवून मी गाउन काढला, टोपी काढली आणि दाराकडे निघाले, तेवढ्यात स्टेंटचं काम बघणाऱ्या नर्सने मला अडवलं. "नोंद झालेली नाही," ती म्हणाली. डाव्या बाजूचा डीजे स्टेंट, म्हणजे लघवीच्या वाटेत तात्पुरती ठेवायची नळी, मी दहा मिनिटांपूर्वी घातला होता. ऑपरेशनच्या टिपणात सहा आठवड्यांनी काढायचा असं लिहिलंही होतं. तेवढ्याने भागत नव्हतं. संगणकावर स्टेंटची वेगळी यादी असते. पेशंट कोण, बाजू कोणती, घातला कधी, काढायचा कधी आणि काढायची जबाबदारी कोणाची, हे सगळं तिच्यात भरावं लागतं. ते भरेपर्यंत ती मला सोडेना.

मला खूप राग आला. मुंबईत मी इतके स्टेंट घातलेत की मोजदाद नाही, आणि इथे मला कारकुनासारखं खुर्चीत बसवत होते.

ज्यांच्या घरात कोणाला मूतखड्याचा त्रास झालाय, त्यांना ही नळी समजावून सांगायला नको. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी, दोन्ही टोकांना वळलेली ही नळी १९७८ पासून वापरात आहे आणि तिने असंख्य किडन्या वाचवल्या आहेत. फक्त ती वेळेत काढावी लागते. आत राहिली तर तिच्यावर क्षार साचत जातात आणि नळीचाच खडा होतो.

त्या रात्री घरी आले तरी राग उतरेना. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं सर्जरीत एमएस, बाँडची सक्तीची सेवा, मग सुपरस्पेशालिटीची नीट एसएस परीक्षा आणि तीन वर्षं युरॉलॉजीत, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जरीत, एमसीएच, एवढं करून मी इंग्लंडमध्ये फेलो म्हणून आले आहे. इथली मुलं पाच वर्षं मेडिकल, दोन वर्षं फाउंडेशन, दोन वर्षं कोअर सर्जरी आणि पाच वर्षं युरॉलॉजी करतात. वयाचा हिशेब जवळपास सारखाच येतो, हाताचा येत नाही. पीसीएनएलमध्ये, म्हणजे पाठीतून छोटं छिद्र करून किडनीतला खडा काढायच्या ऑपरेशनमध्ये, किडनीत सुई नेमकी घालायला मी सेकंड इयरला शिकले, आणि ते आमच्या सरांनी हाताला धरून शिकवलं. इथे बऱ्याच ठिकाणी ती सुई रेडिओलॉजिस्ट घालतो. मागच्या महिन्यात मी ती घातली तेव्हा कन्सल्टंट काही न बोलता बघत राहिला, आणि नंतर त्याने मला पुढच्या दोन्ही केसेस दिल्या. ते पालिकेच्या हॉस्पिटलचं देणं आहे, आणि ते मी कोणालाही ठणकावून सांगेन.

पण इथल्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या अधिकृत यादीत, नाव यायला हात दाखवून चालत नाही. पोर्टफोलिओ लागतो. केलेलं प्रत्येक ऑपरेशन, ते कोणाच्या देखरेखीखाली केलं, त्याची सही, सगळं पुराव्यासकट. माझी मुंबईतली कितीतरी रात्रींची कामं अशी आहेत, जी पेशंटच्या अंगावरच्या व्रणाखेरीज कुठेच लिहिलेली नाहीत.

आणि मग तो संगमेश्वरकडचा पेशंट आठवला. खरं तर तो विसरलाच जात नाही.

भाईंदरला हमालीचं काम करायचा. मे महिन्यात त्याच्या उजव्या बाजूचा खडा मी काढला आणि स्टेंट ठेवला. डिस्चार्जच्या दिवशी त्याला मराठीतच सांगितलं, "दादा, दीड महिन्याने या, आतली नळी काढायचीय." तो म्हणाला, "येतो, ताई." जूनमध्ये लावणीसाठी गावाला गेला आणि तिकडेच राहिला. दुखत नव्हतं, लघवी साफ होत होती, मग कशाला यायचं? तीन वर्षांनी लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा आला. मी तेव्हा नुकतीच त्याच युनिटला लेक्चरर झाले होते. एक्स-रे दिव्यावर लावला, तर किडनीतल्या टोकाला एक खडा आणि मूत्राशयातल्या टोकाला लिंबाएवढा दुसरा, मधली नळी दोघांना बांधून ठेवल्यासारखी. खालचा खडा फोडला, वरच्यासाठी पीसीएनएल केलं, मधला भाग लेझरने मोकळा केला. तीन वेळा टेबलावर घ्यावं लागलं. नळी निघाली. किडनी मात्र नंतरच्या स्कॅनमध्ये जेमतेम काम करत होती.

त्याने जुना केसपेपर जपून आणला होता. त्यावर माझ्याच अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं: डीजे रिमूव्हल आफ्टर ६ वीक्स. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने तो कागद तीन वर्षं सांभाळला, मला दाखवला, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलं होतंत. माझीच चूक."

मी तेव्हा गप्प बसले.

आता कोणी म्हणेल, बघा, तिकडची पद्धत किती चांगली! तर तसंही नाही. आमच्या ओपीडीत सकाळी जी रांग लागायची, ती इथल्या कोणी एक दिवस चालवून दाखवावी. पेशंटचा फोन नंबर बदलतो, खोली बदलते, नालासोपाऱ्याचा विरारला जातो आणि विरारचा गावाला. इथे प्रत्येकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो, घरी पत्र गेलं की ते पोचतं. आमच्याकडे पेशंटच स्वतःचं दप्तर सांभाळतो. प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांचे एक्स-रे, सोनोग्राफीचे रिपोर्ट, सगळं गादीखाली सरळ ठेवून एसटीने घेऊन येतो. हे जगात फार कमी ठिकाणी कोणी करत असेल. शिवाय इथे यादीत तारीख लागली म्हणून ऑपरेशनची तारीख मिळतेच असं नाही. इथली सरकारी प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर गेलेली आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशनची वाट बघत महिनोन्‌महिने कॅथेटर लावून बसलेले आजोबा मी दर आठवड्याला तपासते. आमच्या युनिटमध्ये त्यांना इतकं थांबू दिलं नसतं, ज्यादा टेबल लावून केलं असतं.

हे सगळं खरं आहे. तरीही त्या कागदावर "आत नळी आहे, जुलैमध्ये काढायची" एवढं मराठीत लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. रांग कितीही मोठी असो, अर्धं मिनिट होतं. इथे आता बरेच डॉक्टर आपलं पत्र थेट पेशंटच्या नावे, त्याला समजेल अशा भाषेत लिहितात. मीही लिहिते, इंग्रजीत. माझ्या स्वतःच्या भाषेत मात्र मी एकाही पेशंटला लिहून दिलं नव्हतं.

बुधवारी मुंबईतल्या आमच्या युनिटच्या थर्ड इयरच्या रेझिडेंट मुलीला फोन केला. तिथे स्टेंटचं रजिस्टर ठेवता येईल का, असं विचारायचं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मी ठेवतेच आहे." रात्री तिने फोटो पाठवला. फुलस्केप वही, पट्टीने आखलेले रकाने: नाव, बाजू, घातल्याची तारीख, काढायची तारीख, मुंबईचा नंबर, गावाकडचा नंबर. गावाकडचा नंबर! इथल्या संगणकावरच्या यादीत तो रकाना नाही, आणि आम्हाला नेमका तोच हवा होता. दर शनिवारी राउंड संपला की ती वही घेऊन वॉर्डच्या फोनपाशी बसते. पेशंट मिळाला नाही की गावाला फोन लावते आणि घरच्यांना सांगते.

फोटोखाली तिने विचारलंय, "मॅडम, माझी परीक्षा झाली की मी जाणार. वही कोणाकडे देऊ?"

काल ड्यूटी होती, तिला अजून उत्तर दिलेलं नाही. सरांशी बोलून वही युनिटच्या नावाने, सिस्टर इन चार्जच्या टेबलावर ठेवता येते का ते बघणार आहे, कारण रेझिडेंट बदलतात, सिस्टर राहतात. मुंबईतल्या कोणत्याही युनिटमध्ये अशी वही चालू असेल आणि ती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे गेली असेल, तर ती कशी टिकवली ते मला लिहा. मी तिला तेच कळवते.