शिआनला पहिल्यांदा जाताय? मग मातीचे सैनिक बघून लगेच परत फिरू नका

शिआनहून आल्यापासून सगळे एकच विचारतायत, बीजिंगहून एका दिवसात उरकतं का? नाही उरकत, आणि उरकूही नये. बीजिंग वेस्ट ते शिआन नॉर्थ फास्ट ट्रेनला साडेचार ते सहा तास लागतात, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस गेला. हे शहर म्हणजे जुनं छांगआन, हान आणि तांग राजवटींची राजधानी, रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. निदान चार दिवस ठेवा.

आधी निघण्यापूर्वीची कामं. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच, ट्रान्झिटची जी बिनव्हिसाची सवलत नेटवर दिसते त्या यादीत आपण नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून तिकिटं काढू नका. अलीपे आणि वीचॅट ही तिथली पैसे भरायची अ‍ॅप इथूनच डाउनलोड करा, कार्ड जोडा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, ओटीपी येणारा नंबर तिकडे चालेल ना ते बघा. कारण तिथे भाजीवालीपासून म्युझियमपर्यंत सगळं क्यूआरवर चालतं. परदेशी कार्डावर 200 युआनपेक्षा मोठ्या पेमेंटला अलीपे 3 टक्के फी लावतं, तेव्हा थोडे रोख युआन खिशात असू द्या. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या नेटवर चालत नाहीत, पण इंटरनॅशनल रोमिंग किंवा बाहेरच्या कंपनीचं ई-सिम असेल तर चालतात, घरच्यांना काळजी नको म्हणून हे आधीच करून ठेवा. पासपोर्ट कायम जवळ हवा, ट्रेनचं तिकीट, तटबंदी, म्युझियम, सगळीकडे तोच दाखवायचा. आणि 1 ते 7 ऑक्टोबर अजिबात जाऊ नका, त्या आठवड्यात अख्खा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम.

राहायला मेट्रो लाईन 2 च्या जवळ बघा, घंटाघर म्हणजे चुंगलौ स्टेशन किंवा दक्षिण दरवाजा युंगनिंगमन. शिआन नॉर्थ स्टेशनवरून हीच लाईन थेट येते.

आता मातीचे सैनिक. 1974 साली लिनथोंगच्या शेतकऱ्यांना विहीर खणताना तुकडे सापडले आणि त्यातून चीनचा पहिला सम्राट छीन शी हुआंग याचं हे सैन्य बाहेर आलं. शहरापासून साधारण 40 किमी. स्टेशनबाहेर टॅक्सीवाले 'टेराकोटा टेराकोटा' करत मागे लागतात त्यांच्याबरोबर जाऊ नका, नकली प्रतिकृतींच्या ठिकाणी नेऊन सोडल्याचे किस्से बरेच आहेत. मेट्रो लाईन 9 ने ह्वाछिंगछ स्टेशन, तिथून बस, इतकं सोपं आहे. तिकीट पासपोर्ट नंबर टाकून आधीच ऑनलाईन काढा. उत्खननाचे तीन खड्डे आहेत, बहुतेक लोक आधी खड्डा 1 मध्ये घुसतात, मी उलट सांगेन, 3 आणि 2 बघून मग 1 ला या. तिसऱ्यात सेनापतींचा छोटा कक्ष आहे, दुसऱ्यात अजून बरंच जमिनीतच आहे, आणि मग तो 230 मीटर लांबीचा पहिला हॉल समोर आला की त्याचा आवाका खरा कळतो. एक गोष्ट लक्षात ठेवून बघा, हे पुतळे असे उभे सापडले नाहीत, बहुतेक सगळे फुटलेले होते, तुकडा तुकडा जुळवून उभे केलेत, हॉलच्या मागच्या बाजूला ते जोडकाम दिसतं. मुळात ते रंगीत होते, पण माती बाजूला केली की रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुकून गळायला लागतो, म्हणूनच घाईने खणत नाहीत. सम्राटाची खुद्द कबर तर उघडलेलीच नाही.

तटबंदीसाठी अर्धा दिवस ठेवा. मिंग काळातली, 1370 च्या दशकातली, घेर 13.7 किमी आणि वरचा रस्ता 12 मीटरच्या आसपास रुंद. वर भाड्याने सायकल मिळते, दीड-दोन तासांत आरामात चक्कर होते, विटा खडबडीत आहेत त्यामुळे जोडसायकलीवर पाठ दुखते, ज्याची त्याची वेगळी घ्या. संध्याकाळी चारनंतर चढा, ऊन उतरलेलं असतं आणि खाली येईपर्यंत दिवे लागतात.

शान्शी हिस्ट्री म्युझियम फुकट आहे पण स्लॉट काही दिवस आधी उघडतात आणि लगेच संपतात, म्हणून स्लॉट उघडले की पहिलं हेच बुक करा, सोमवारी बंद असतं. नाहीच मिळालं तर बेईलिन म्हणजे शिलालेखांचं म्युझियम बघा, 781 सालचा नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या ख्रिश्चनांचा शिलालेख तिथे आहे, मला तर ते जास्त आवडलं.

खाण्याचं. घंटाघराच्या मागच्या मुस्लिम मोहल्ल्यात गर्दी प्रचंड, मुख्य रस्त्यावर पर्यटकांचे भाव, आतल्या गल्ल्यांत शिरा. मोहल्ल्यातल्या मोठ्या मशिदीला घुमट नाही, अंगण-बाग-लाकडी मंडप असं अगदी चिनी देवळासारखं बांधकाम आहे, शांत आहे, नक्की जा. शाकाहारींनी लियांगपी मागवा, थंडगार नूडल्स, व्हिनेगर आणि तिखट तेल. दुसरं म्हणजे योपो मियन, रुंद नूडल्सवर तिखट टाकून वरून कडकडीत तेल ओततात, चुर्र आवाज होतो आपल्या फोडणीसारखा. दोन्हीत कधीकधी मांस किंवा मांसाचा रस्सा घालतात म्हणून 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी आहे हे चिनी अक्षरांत फोनवर तयार ठेवा. मांसाहारींना रौजियामो म्हणजे मांस भरलेला पाव, आणि मटणाच्या रश्शात पाव कुस्करून खायचा पाओमो, पाव स्वतःच्या हाताने बारीक कुस्करायचा, घाई केलीत तर चव उतरत नाही.

आणि आता ज्यासाठी मी हे मुळात लिहायला बसलो ते. शाळेच्या इतिहासात आपण वाचलेला ह्युएन त्संग भारतात आला तो इथूनच. सम्राटाची परवानगी नसताना गुपचूप निघाला, भारतभर फिरला, 641 च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीबद्दल आणि इथल्या माणसांबद्दल लिहिलं की उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. त्याने वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठाच असं अभ्यासक मानतात. 645 ला तो 657 ग्रंथ घेऊन छांगआनला परतला आणि ते जपायला 652 मध्ये मोठा हंस पॅगोडा बांधला गेला. लोक तिथे रात्री कारंज्यांचा शो बघून, फोटो काढून निघतात. तसं करू नका, सकाळी उघडताना जा, दक्षिणेकडच्या चौकात त्याचा पुतळा बघा, पॅगोड्याच्या पायथ्याशी दाराच्या दोन बाजूंना 653 चे शिलालेख आहेत ते बघा, मग वरचं वेगळं तिकीट काढून चढा. हा पॅगोडा आजच्या तटबंदीच्या बाहेर आहे, पण तांग काळातलं छांगआन 84 चौरस किमीचं होतं, त्याच्या तो आत होता. वरून दिसणाऱ्या शहराकडे बघताना हे माहीत असलं पाहिजे.

एक दिवस जास्त असेल तर ह्वाशानचा डोंगर करण्यापेक्षा शिंगच्याओ मंदिरात जा, शहराच्या दक्षिणेला साधारण 20 किमी. तिथे ह्युएन त्संगची समाधी आहे, विटांचा पाच मजली मनोरा, बाजूला दोन शिष्यांचे छोटे मनोरे, त्यातला एक कोरियाचा. पर्यटक जवळपास नाहीत. डीडी ही तिथली अ‍ॅपवरची टॅक्सी अलीपेमधूनच बुक होते, जाताना सहज मिळते पण परतीला तिकडे गाडी सापडणं कठीण, त्यामुळे ड्रायव्हरला थांबायला सांगा आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवून घ्या.